मधुमेहाची गोळी आणि पायांच्या मुंग्या

मधुमेहाच्या रुग्णाचे तळपाय बधिर होऊ लागले की घरातील सारे एकच निष्कर्ष काढतात, तो म्हणजे ‘साखरेने नसा खाल्ल्या.’ बहुतेक वेळा तो खराही असतो. परंतु काही रुग्णांमध्ये याच तक्रारींचे दुसरे एक कारण असते आणि ते साखर आटोक्यात ठेवणाऱ्या गोळीशीच निगडित असते. वेळीच ओळखल्यास हे कारण दूर करता येते. म्हणूनच त्याची माहिती प्रत्येक मधुमेहीला असणे अगत्याचे आहे.

मेटफॉर्मिन आणि बी-१२

टाइप-२ मधुमेहावर जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांत मेटफॉर्मिनचा क्रमांक फार वरचा आहे. फ्रेंच वैद्य जाँ स्टर्न यांनी १९५७ साली या औषधाचा मधुमेहींवरील उपयोग प्रसिद्ध केला. स्वस्त, परिणामकारक आणि एकटे घेतल्यास सहसा साखर धोकादायक पातळीपर्यंत न उतरवणारे औषध अशी त्याची ख्याती आहे. अनेक जोडगोळ्यांमध्येही ते असते; गोळ्यांच्या पट्टीवरील बारीक अक्षरे वाचली की ते कळते.

अन्नातील बी-१२ जीवनसत्त्व जठरात तयार होणाऱ्या एका प्रथिनाशी जोडले जाऊन लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. या शोषणासाठी कॅल्शियम आवश्यक असते. मेटफॉर्मिन या कॅल्शियमवर अवलंबून असलेल्या क्रियेत अडथळा आणते, असे मानले जाते. यकृतात बी-१२ चा काही वर्षे पुरेल एवढा साठा असल्याने परिणाम लगेच जाणवत नाही. मात्र गोळीची मात्रा जितकी मोठी आणि वर्षे जितकी अधिक, तितका धोका वाढत जातो.

नेदरलँड्समध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ३९० रुग्णांवर चार वर्षांहून अधिक काळ झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मेटफॉर्मिन घेणाऱ्यांची बी-१२ ची पातळी सरासरी १९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पूर्वी हा दुष्परिणाम विरळ समजला जाई. २०२२ मध्ये ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने बी-१२ ची कमतरता हा मेटफॉर्मिनचा ‘सर्वसाधारण’ दुष्परिणाम असल्याचे, म्हणजे दहापैकी एका रुग्णापर्यंत तो आढळू शकतो असे, जाहीर केले. या कमतरतेतून चेतासंस्थेला गंभीर इजा होणे मात्र आजही विरळच आहे.

वढू परिसरातील धडा

आपल्याकडे या प्रश्नाला वेगळे वजन आहे. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७७ मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तेथे २००२ पासून परिसरातील २२ गावांच्या आरोग्याची नियमित नोंद ठेवण्याची व्यवस्था उभी राहिली. याच केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी होते. २००६ मध्ये याच चमूने प्रसिद्ध केलेल्या दुसऱ्या अभ्यासात ग्रामीण भाग, झोपडपट्टी आणि शहरी मध्यमवर्ग मिळून ४४१ पुरुषांपैकी ६७ टक्क्यांमध्ये ही पातळी कमी आढळली. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये.

याचे मुख्य कारण आहारात आहे. भाकरी, वरण, पिठले, पालेभाजी यांत बी-१२ जवळजवळ नसते. ते दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून मिळते. ज्याच्या गाठीशी मुळातच थोडे आहे, त्याला थोडी गळतीही महागात पडते. मेटफॉर्मिनबाबत परदेशी पाहणीतील आकडे वाचताना ही बाब विसरता कामा नये.

लक्षणे कशी असतात?

प्रारंभी दोन्ही पायांना मुंग्या येतात, तळव्यांना बधिरता येते आणि कापसावर चालल्यासारखे वाटते. पायातली चप्पल निसटली तरी कळत नाही. पुढे मज्जारज्जूवर परिणाम झाल्यास अंधारात, किंवा तोंड धुताना डोळे मिटताच, तोल जातो. काहींमध्ये विस्मरण, चिडचिड वा दृष्टी मंदावणे आढळते. यांतील सुरुवातीच्या तक्रारी मधुमेही चेताविकारासारख्याच असतात, आणि दोन्ही विकार एकाच रुग्णात असू शकतात. रक्तक्षय नसला म्हणून बी-१२ पुरेसे आहे असे समजू नये. चेतातंतूंची हानी त्याआधीही सुरू होऊ शकते.

अन्य विरळ परिणाम

मूत्रपिंड निकामी झालेल्या, विशेषतः डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्ये मेटफॉर्मिन शरीरात साचते. अशा काही रुग्णांमध्ये मेंदूच्या खोल भागावर सूज येऊन गोंधळ, बोलण्यात अडखळणे आणि हालचाली मंदावणे असे प्रकार नोंदले गेले आहेत. औषध थांबवल्यावर अनेकांना आराम पडला. मूत्रपिंडाचे कार्य फारच घटलेले असताना हे औषध देऊ नये, हा नियम त्यामुळे काटेकोरपणे पाळावा लागतो.

दुसरा प्रकार कोणत्याही उपचाराने होऊ शकतो. अनेक महिने वाढलेली साखर झपाट्याने खाली आणल्यास काहींच्या पायांत तीव्र जळजळ व वेदना सुरू होतात. ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्यांनी साखर अतिशय उतरल्यास क्वचित अर्धांगवायूचा भास होणारी दुर्बलता येते. अशा वेळी रक्तातील साखर तत्काळ तपासणे अत्यावश्यक ठरते.

काय करावे?

गोळी स्वतःहून बंद करू नये. मेटफॉर्मिनचे लाभ मोठे आहेत आणि साखर वाढणे चेतातंतूंना घातकच असते. मात्र चारपाच वर्षे गोळी चालू असेल, मात्रा मोठी असेल, आहार शाकाहारी असेल किंवा आम्लपित्तावरील गोळ्याही नियमित असतील, तर डॉक्टरांशी बोलून बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. पातळी सीमारेषेवर असल्यास होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्लाच्या तपासणीने निदान पक्के करता येते.

कमतरता आढळल्यास बी-१२ ची इंजेक्शने वा गोळ्या दिल्या जातात. बी-१२ तपासल्याशिवाय केवळ फोलिक आम्ल घेऊ नये; त्याने रक्तक्षय सुधारलेला दिसतो, पण चेतातंतूंची हानी चालूच राहते. उपचार लवकर सुरू झाल्यास मुंग्या व बधिरता बरीचशी कमी होते. विलंब झाल्यास झालेली इजा कायम राहू शकते. म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना साखरेचा आकडा दाखवताना पायांची तक्रारही आवर्जून सांगावी आणि आपली बी-१२ ची पातळी कधी तपासली होती, हे विचारावे.