साप्ताहिकीचे दिवस

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले आणि वर्षभराने सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे आम्हा पुणेकरांनाही दिसू लागले. फुकट म्हणायचे, पण तेव्हा पोस्टात टीव्हीचा परवाना काढून त्याचे शुल्क भरावे लागे. आमच्या वाड्यात ते भरत एकटे मालक; पाहत मात्र सगळे बिऱ्हाडकरू.

शनिवारी मराठी चित्रपट, रविवारी संध्याकाळी हिंदी. कोणता, हे आठवड्याचे कार्यक्रम सांगणाऱ्या ‘साप्ताहिकी’त कळे. आई कागद-पेन्सिल घेऊनच बसायची. निवेदिकेने राजा परांजप्यांचे नाव घेतले की शनिवारचा स्वयंपाक दुपारीच उरकला जाई. ऐन रंगात चित्रपट तोडून बातम्या लागत. त्या वेळात कुकर चढे, पोरे हातपाय धुऊन येत.

पुढे ऐंशीच्या दशकात रविवार दुपारचे प्रादेशिक चित्रपट आले. मल्याळम, बंगाली, आसामी, खाली इंग्रजी अक्षरे. निम्मा वाडा झोपे. माझ्या मते दूरदर्शनचे सर्वांत मोठे काम तेच: थिएटरात कधीच न येणारे चित्रपट त्याने माजघरात आणले. आजी इंग्रजी वाचायची नाही, तरी शेवटपर्यंत बसायची आणि सुनेचे कुठे चुकले ते आम्हालाच सांगायची.