संगमेश्वर, खंदक आणि पलटणीचे दार

शास्त्री व सोनवी या नद्यांच्या संगमावर वसलेले संगमेश्वर १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना झालेल्या अटकेमुळे इतिहासात नोंदले गेले. परंतु या गावाचा, किंबहुना साऱ्या रत्नागिरी जिल्ह्याचा, पहिल्या महायुद्धातील खंदकांशी असलेला संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

तुटपुंज्या शेतीमुळे कोकणी माणसापुढे मुंबईची गिरणी आणि पलटण हे दोन मोठे आधार होते. मराठा पलटणींत कोकणातील पुष्कळ जवान होते. त्यांपैकी १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. ७ डिसेंबर १९१५ रोजी कुत-अल-अमारा येथे तुर्कांचा वेढा पडला. तैग्रिसच्या पुराने पुढचे खंदक बुडाले, धान्य संपले. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० सैनिक व सेवकांनी शरणागती पत्करली. त्यांतील हजारो कैदेत मरण पावले.

या खंदकांत महारांची पलटण नव्हती. कंपनीच्या काळापासून लढलेल्या या समाजाची भरती 'लढाऊ जाती'च्या सिद्धांतापायी १८९० नंतरच्या दशकात बंद झाली होती. सुभेदार रामजी सकपाळ यांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. पेन्शनर शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीहून १८९४ साली भरतीसाठी अर्ज तयार केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. ती ऐकली गेली नाही. युद्धाने माणसे गिळली, तेव्हा १९१७ साली '१११ महार' पलटण उभी राहिली. १९२० साली ती ७१ पंजाबीत विलीन झाली आणि १९२१ साली मोडली.

गरजेपोटी उघडलेले दार गरज सरताच मिटते, हाच याचा बोध होय. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संरक्षण सल्लागार समितीवर असताना पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे.

संगमेश्वर परिसरातील वाड्यांत कोणाच्या पेटीत जुने पदक वा पेन्शनचा कागद असेल, तर तो जपून त्याची नोंद करावी. आपला इतिहास आपणच लिहिला पाहिजे.