बालेवाडीचा अराता

आमच्या पणदरे गावच्या पोरांना जपानचा फुटबॉलपटू काओरू मितोमा माहीत आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. 2022च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध रेषेबाहेर गेलाच असं वाटणारा चेंडू त्यानं आत वळवला, आओ तानाकानं तो जाळ्यात घातला आणि वरून टिपलेला तो फोटो जगभर मोबाइलवर फिरला. नीरा डाव्या कालव्याच्या आमच्या पट्ट्यात कुस्ती-कबड्डीचा जीव मोठा, तरी तो फोटो उसाच्या बांधापर्यंत आला. मात्र याच पोरांना अराता इझुमी ठाऊक नाही. तो तर आपल्याच पुणे जिल्ह्यात खेळून गेला!

अराताचा जन्म 1982चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील गुजराती. 2006मध्ये तो कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे आला, मग मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडे, आणि 2009मध्ये पुणे एफसीत. हा क्लब 2007मध्ये उभा राहिलेला, म्हणजे तसा लहानच.

मी तेव्हा पुण्यात शिकत होते. बालेवाडीच्या स्टेडियमवर पुणे एफसीच्या सामन्यांना जायचे. जागा हवी तिथे मिळायची. अराता मधल्या फळीत सतत पळत राहायचा. चेंडू पायात नसतानाही त्याच्याकडेच बघावंसं वाटायचं. स्टँडमध्ये माणसं मोजकी, पण रात्री फेसबुक उघडलं की ओळखीपाळखीत त्याचीच चर्चा. कारण खेळापलीकडचं होतं: वडील भारतीय, खेळतो भारतात, मग भारताच्या संघात का नाही?

उत्तर कायद्यात होतं. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, आणि 2008च्या अखेरीस केंद्र सरकारनं ठरवलं की भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांनीच देशाकडून खेळायचं. भारताकडून खेळायचं तर जपान सोडणं भाग होतं. अरातानं जपानी पासपोर्ट सोडला. सरकारदरबारी त्याचं नाव नीलकंठ खंभोळजा. 2013मध्ये तो भारताच्या निळ्या जर्सीत उतरला. ज्या देशाचा संघ विश्वचषकात नेमानं खेळतो तो सोडून, आजवर एकही विश्वचषक न खेळलेल्या देशाकडे यायचं! माझ्या लेखी मितोमाच्या त्या चेंडूपेक्षा हे मोठं आहे, आणि मुलांना मी ते तसंच सांगते.

त्याच 2012-13च्या हंगामात गोव्याच्या डेरिक परेरांच्या हाताखाली पुणे एफसी आय-लीग या तेव्हाच्या देशातल्या अव्वल फुटबॉल स्पर्धेत दुसरा आला. पहिला आला गोव्याचाच चर्चिल ब्रदर्स. पुढे इंडियन सुपर लीग आली, पैसा तिकडे गेला आणि पुणे एफसीचा वरिष्ठ संघ बंद पडला. अराता केरळ ब्लास्टर्सपर्यंत खेळला. नंतर तो नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनच्या यंग चॅम्प्स अकादमीत प्रशिक्षक झाला. त्या अकादमीत देशभरातून मुलं निवडून घेतात. पणदऱ्यातल्या एखाद्या पोरानं चाचणीला जायला काय हरकत आहे?