मालट्रकची दैनंदिन तपासणी आणि चालकाची सही : अमेरिकी कायद्याचा ऐतिहासिक आढावा (१९३५ ते २०२०)

प्रस्तावना :
रस्ते वाहतुकीच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने रस्ते, वाहने व व्यापार यांभोवती झालेले दिसते. गाडी सुरू करण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारून टायर, ब्रेक व दिवे पाहणारा चालक मात्र या लेखनात क्वचितच येतो. वस्तुतः या फेरीलाही स्वतःचा इतिहास आहे. आपल्याकडे चाकावर टॉमी ठोकून हवेचा अंदाज घेणारा क्लीनर सर्वांच्या परिचयाचा आहे. हे ज्ञान अनुभवाचे असून ते तोंडी चालत आले आहे. अमेरिकेत याच कृतीला कायद्याने लेखी रूप दिले. हे रूप कसे घडले आणि त्यातून चालकाला काय मिळाले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उद्दिष्टे :
१) प्रवासापूर्वीच्या व प्रवासानंतरच्या तपासणीविषयक अमेरिकी नियमांचा विकासक्रम पाहणे.
२) या नियमांमुळे चालक व मालक यांच्यातील जबाबदारीची वाटणी कशी बदलली, हे तपासणे.
३) भारतीय कायद्याच्या संदर्भात या अनुभवाचे महत्त्व स्पष्ट करणे.

अभ्यास पद्धती :
प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, नियम व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

विषय विवेचन :

अ) रेल्वेकडून रस्त्याकडे
आंतरराज्य व्यापार आयोगाची स्थापना १८८७ मध्ये रेल्वेच्या नियमनासाठी झाली. १८९३ च्या कायद्याने आगगाड्यांना हवेचे ब्रेक व स्वयंचलित जोडणी सक्तीची केली. यंत्राची सुरक्षितता ही केवळ मालकाची खाजगी बाब नाही, हे तत्त्व येथे मान्य झाले. पुढे ट्रक वाहतूक वाढली तेव्हा १९३५ च्या मोटार कॅरियर कायद्याने याच आयोगाकडे आंतरराज्य मोटार वाहतुकीतील चालकांची पात्रता, कामाचे तास आणि वाहनांची सुरक्षितता हे विषय सोपविले. चालकाने वाहनातील दोषांचा लेखी अहवाल द्यावा, ही कल्पना या अधिकारातूनच नियमात आली. १९६७ मध्ये हे काम नव्या संघीय परिवहन खात्याकडे गेले, तर २००० पासून ते संघीय मोटार वाहक सुरक्षा प्रशासनाकडे आहे.

ब) अहवालाचे स्वरूप
या नियमांत दिवसाच्या कामाअखेर करावयाच्या अहवालासाठी ११ भाग सांगितले आहेत : ट्रेलरच्या जोडणीसह मुख्य ब्रेक, पार्किंग ब्रेक, स्टिअरिंग, दिवे व परावर्तक, टायर, हॉर्न, वायपर, मागचे आरसे, जोडणीची साधने, चाके व रिम आणि आपत्कालीन साहित्य. दोष आढळल्यास तो दुरुस्त केला किंवा दुरुस्तीची गरज नव्हती, असे वाहतूक कंपनीने लिहून द्यावयाचे असते आणि हे कागद ३ महिने जपावयाचे असतात. दुसऱ्या दिवशीच्या चालकाने गाडी सुरक्षित असल्याची स्वतःची खात्री करावयाची, मागील अहवाल पाहावयाचा आणि त्यात दोष नोंदलेला असल्यास सही करावयाची, असा हा क्रम आहे.

या तीन टप्प्यांचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. तोंडी तक्रार विसरली जाते, नाकारलीही जाते. परंतु दोष लेखी कळविला की ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास मालकाला जागा उरत नाही. त्याचप्रमाणे दोष पाहूनही न लिहिणारा चालक जबाबदारीतून सुटत नाही. सहीचा कागद हा दोघांनाही बांधणारा दुवा ठरला.

१९८६ च्या व्यावसायिक वाहन सुरक्षा कायद्याने चालक परवान्याला देशव्यापी किमान निकष लावले आणि १ एप्रिल १९९२ पासून अवजड वाहनांच्या चालकांना असा परवाना आवश्यक झाला. प्रवासापूर्वीची तपासणी करून दाखविणे हा त्या परीक्षेचा भाग आहे. उदाहरणार्थ, हवेच्या ब्रेकची गळती पाहताना इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरल्यावर एका मिनिटात एकट्या वाहनात प्रति चौरस इंच ३ पौंडांपेक्षा व ट्रेलर जोडलेल्या वाहनात ४ पौंडांपेक्षा अधिक दाब उतरता कामा नये. क्लीनरच्या कानाने जे ओळखले जाई, ते येथे आकड्यात आले.

क) नकाराचा अधिकार
तपासणीत दोष आढळला, परंतु मालक ‘गाडी काढ’ म्हणाला, तर काय ? तपासणीचा खरा प्रश्न येथेच उभा राहतो. १९८२ च्या भूपृष्ठ वाहतूक साहाय्य कायद्याने असुरक्षित वाहन चालविण्यास नकार देणाऱ्या चालकाला कामावरून काढण्यास मनाई केली. जानेवारी २००९ मध्ये इलिनॉय राज्यात कडाक्याच्या थंडीत एका चालकाच्या ट्रेलरचे ब्रेक गोठले. मदत येईना. गारठ्याने जीव धोक्यात आल्याचे जाणवताच ट्रेलर सोडून तो ट्रकसह निघून गेला आणि त्याबद्दल त्याला बडतर्फ करण्यात आले. २०१६ मध्ये संघीय अपील न्यायालयाने दोनास एक अशा मताने चालकाच्या बाजूने निर्णय दिला. अर्थात न्याय मिळाला तरी मध्ये ७ वर्षे गेली, हेही विसरता येत नाही.

ड) मर्यादा
तपासणीचा वेळ हा नियमांनुसार कामाचाच वेळ मानला जातो. परंतु अनेक चालकांची मजुरी मैलांवर मोजली जाते आणि उभ्या गाडीचे मैल होत नाहीत. शिवाय आयोगाच्या अधिकारातील चालकांना १९३८ च्या श्रम कायद्यातील जादा कामाच्या मोबदल्याच्या तरतुदीतून वगळण्यात आले होते. परिणामी घाईत न पाहताच ‘दोष नाही’ असे लिहून सही करण्याचा मोह निर्माण होतो. १८ डिसेंबर २०१४ पासून मालवाहतुकीत दोष नसल्यास अहवाल देण्याची अट काढण्यात आली. यामुळे वर्षाला सुमारे १.७ अब्ज डॉलर वाचतील, असे शासनाचे म्हणणे होते. प्रवासी वाहनांना ही सवलत २०२० मध्ये मिळाली. तपासणीचे कर्तव्य मात्र कायम राहिले. म्हणजे कागद कमी झाला, फेरी राहिली. परंतु आता कोरा कागद म्हणजे निर्दोष गाडी की न पाहिलेली गाडी, हे कागदावरून सांगता येत नाही.

इ) भारतीय संदर्भ
भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ नुसार व्यावसायिक वाहनाला योग्यता प्रमाणपत्र लागते. २०१९ च्या दुरुस्तीने स्वयंचलित चाचणी केंद्रांचा मार्गही खुला झाला. कलम १९० नुसार ठाऊक असलेला, किंवा सामान्य काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष असलेले वाहन चालविणारा आणि चालवू देणारा, असे दोघेही दोषी ठरतात. मात्र ‘सामान्य काळजी’ घेतली हे चालकाने कशाच्या आधारे दाखवावे, याचा लेखी मार्ग हे कलम सांगत नाही. प्रमाणपत्र हे चाचणीच्या दिवसाचे सत्य असते. घाट उतरताना लागणारा ब्रेक मात्र त्याच सकाळी तपासलेला असावा लागतो.

निष्कर्ष :
१) अमेरिकेत दैनंदिन तपासणीची संकल्पना रेल्वे सुरक्षेच्या परंपरेतून आलेल्या नियमनात विकसित झाली.
२) लेखी अहवालामुळे दोषाची माहिती मालकापर्यंत पोहोचल्याचा पुरावा तयार झाला. त्याचे खरे मोल यातच आहे.
३) नकाराच्या अधिकाराशिवाय तपासणी अपुरी राहते, आणि वेळेच्या मोबदल्याशिवाय ती उपचारापुरती उरते.
४) भारतात योग्यता प्रमाणपत्राला चालकाच्या दैनंदिन लेखी नोंदीची व त्या नोंदीसाठी संरक्षणाची जोड देण्याचा विचार व्हावा. दसऱ्याला ज्या श्रद्धेने गाडीला हार घातला जातो, त्याच निष्ठेने रोज सकाळी तिच्याभोवती फेरी मारली जावी. त्या फेरीत चालकाने जे पाहिले, ते ऐकून घेण्याचे बंधन मालकावरही असावे.