सन १९०७ ची 'आजकालची मुले' : वणी, यवतमाळ आणि एक जुना प्रश्न

१/
"आजकालची मुले ऐकत नाहीत. अभ्यासात लक्ष नाही, घोळक्याच्या नादी लागतात." ही तक्रार आपण प्रत्येकाने घरी ऐकली आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी जवळजवळ हीच तक्रार हिंदुस्थान सरकारने अधिकृत परिपत्रकात मांडली होती. आजचा धागा वऱ्हाडातील त्या पिढीविषयी आहे, आणि तिला शिकवावे कसे या वादाविषयी.

२/
प्रथम स्थळ पाहू. निर्गुडा नदीकाठची वणी आज यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. १९०५ पर्यंत मात्र अख्ख्या जिल्ह्यालाच 'वूण' म्हणजे वणीचे नाव होते, कचेऱ्या तेवढ्या यवतमाळला. वऱ्हाड नावापुरता निजामाचा होता. कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता, आणि १९०३ मध्ये हा मुलूख मध्यप्रांताला जोडला गेला.

३/
या वणीत २९ ऑगस्ट १८८० रोजी माधव श्रीहरी अणे यांचा जन्म झाला. हेच पुढचे लोकनायक बापूजी अणे. त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्यात चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून बापूजी १९०४ ते १९०७ या काळात अमरावतीच्या काशीबाई प्रायव्हेट हायस्कूलमध्ये शिक्षक होते. म्हणजे चोविशी-पंचविशीतला एक तरुण त्याहून थोड्याच लहान मुलांना शिकवत होता.

४/
त्यांच्या हाताखालची पिढी कशी होती? सार्वजनिक गणेशोत्सव आणि शिवजयंती पाहतच ती वाढली होती. 'केसरी' वाचणारी, किंवा निदान दुसऱ्याने वाचलेला ऐकणारी होती. शिक्षणासाठी घर सोडून नागपूर-अमरावतीला राहिल्यामुळे वडीलधाऱ्यांच्या नजरेबाहेर होती. १९०५ मध्ये जपानने रशियाला हरवल्याचे तिने ऐकले होते. युरोपीय सत्ता हरू शकते, ही कल्पना तिच्या आजोबांना सहजी सुचली नसती.

५/
त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला बंगालची फाळणी अमलात आली. स्वदेशी आणि बहिष्काराच्या चळवळीत सर्वांत पुढे शाळकरी मुले होती. सरकारचे पहिले उत्तर फाळणीच्याही आधी, त्याच महिन्यात निघाले. बंगालमधील कार्लाइल परिपत्रकाने बजावले, की ज्या शाळांची मुले चळवळीत दिसतील त्यांचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या धोक्यात येतील.

६/
मे १९०७ मध्ये गृहसचिव हर्बर्ट रिस्ली यांचे परिपत्रक साऱ्या देशासाठी आले. शाळकरी मुलांना राजकीय सभांना मज्जाव, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर निर्बंध, शिक्षकांवर लक्ष आणि न ऐकणाऱ्या संस्थांचे अनुदान व मान्यता काढून घेण्याची धमकी. सरकारच्या लेखी रोग एकच होता, बेशिस्त. औषधही एकच, धाक.

७/
या धाकाचा परिणाम नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये दिसला. १९०७-०८ च्या सुमारास तपासणीस वर्गात येताच मुलांनी 'वंदे मातरम्'चा घोष केला. शिक्षा झाली. बहुतेकांनी माफी मागितली, पण एका मुलाने नकार दिला आणि त्याला शाळा सोडावी लागली. तो मुलगा म्हणजे केशव बळीराम हेडगेवार, पुढे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे संस्थापक. नागपुरात दार बंद झालेला हा विद्यार्थी यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत आला.

८/
'राष्ट्रीय शाळा' हे त्या काळच्या शिक्षकांचे उत्तर होते. मार्च १९०६ मध्ये कलकत्त्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. साहित्य, शास्त्र आणि तंत्र असे तिन्ही प्रकारचे शिक्षण आपल्या लोकांच्या नियंत्रणाखाली द्यावे, हा तिचा हेतू. डिसेंबरच्या काँग्रेस अधिवेशनाने राष्ट्रीय शिक्षणाचा ठराव केला. महाराष्ट्रात वि. गो. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तळेगावला उभे राहिले, वऱ्हाडात यवतमाळची शाळा.

९/
मुले तीच होती, पण त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी दोन प्रकारची होती. परिपत्रकाला ज्या मुलांत उपद्रव दिसला, त्यांच्यातच या शिक्षकांना शिकण्याची ओढ दिसली. ज्या विषयावर मूल रस्त्यावर उतरते, तोच विषय वर्गात आणावा. त्याच्या प्रश्नाला त्याच्या भाषेत उत्तर द्यावे, हाताला कामही द्यावे, अशी त्यांची धारणा होती.

१०/
मात्र इतिहास वाचताना येथे थांबून चालत नाही. यवतमाळची शाळा अल्पावधीतच बंद पडली. तळेगावच्या विद्यालयावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. सरकारी रोष हे एक कारण. दुसरे कारण अधिक कटू आहे : या शाळांच्या प्रमाणपत्राला सरकारी नोकरीत किंमत नव्हती. त्यांनी मुलांना ध्येय दिले, पण पुढची वाट देणे त्यांच्या हाती नव्हते.

११/
आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. त्या काळचे कागद 'तरुण पिढी' म्हणतात तेव्हा बहुधा शहरांतील, मुख्यतः उच्चवर्णीय मुलगे अभिप्रेत असतात. वणी परिसरातील कोलाम-गोंड पाड्यांतील मूल, शेतमजुराची मुलगी किंवा अस्पृश्य मानलेल्या घरातील मुलगा या वादात जवळपास कोठेच नाही. त्यांनी शाळेत शिस्त मोडण्याचा प्रश्नच नव्हता, कारण शाळाच त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

१२/
हे ज्यांनी पंचवीस वर्षे आधी सांगितले होते, ते जोतीराव फुले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. अभ्यासक्रमात मोडी, बालबोध आणि हिशेबाबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, असे सुचवले. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती घ्यायला त्यांना लाज वाटू नये, असेही त्यांचे म्हणणे होते.

१३/
वणीजवळून वाहणाऱ्या वर्धा नदीचेच नाव असलेल्या गावी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी हा प्रश्न पुन्हा चर्चेला आला. गांधीजींच्या अध्यक्षतेखालील परिषदेने ठरवले : सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, आणि शिक्षणाचा गाभा एखादा उत्पादक हस्तोद्योग. झाकीर हुसेन समितीने त्याचा आराखडा केला. हीच 'नई तालीम'.

१४/
कल्पना फुल्यांच्या मागणीच्या जवळ जाणारी होती, तरी ती सर्वत्र रुजली नाही. चरखा शाळेत आला, पण अनेक ठिकाणी तो तासापुरता उरला. पालकांना वाटले, साहेबांच्या मुलांना इंग्रजी आणि आमच्या मुलांना सूतकताई का? ही शंका निराधार म्हणता येत नाही. जे शिक्षण वरचा वर्ग आपल्या मुलांसाठी निवडत नाही, त्यावर खालच्या वर्गाने विश्वास का ठेवावा?

१५/
पुन्हा बापूजींकडे येऊ. १९०८ पासून त्यांनी यवतमाळला वकिली केली, १९३० मध्ये पुसद येथे जंगल सत्याग्रह केला आणि स्वातंत्र्यानंतर ते बिहारचे राज्यपाल झाले. उतारवयात त्यांनी टिळकांचे चरित्र संस्कृत काव्यात लिहिले. त्या 'श्रीतिलकयशोऽर्णव' ग्रंथाला त्यांच्या निधनानंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकेकाळचा तरुण शिक्षक अखेरपर्यंत आपल्या गुरूचा विद्यार्थी राहिला.

१६/
या साऱ्यातून हाती काय येते? धाकाने मुले काही काळ गप्प बसली, पण बदलली नाहीत. ध्येयाने ती जागी झाली, परंतु पोटाची वाट न मिळाल्याने शाळा टिकल्या नाहीत. हस्तोद्योगाने ती वाट दाखवली, पण ती सर्वांसाठी सारखी आहे हा विश्वास समाजाने दिला नाही. पिढीला शिकवायचे तर आदर, भाषा, काम आणि समान संधी ही चारही एकत्र लागतात. वरच्या प्रत्येक प्रयोगात यांतले काही ना काही कमी पडले.

१७/
आज वणीत टिळकांच्या नावाचे महाविद्यालय आहे, आसपास कोळशाच्या खाणी आणि कापसाची शेते आहेत, आणि मुलांच्या हाती मोबाइल आहे. तक्रार मात्र १९०७ चीच आहे.

एक गृहपाठ : आपल्या गावातील सर्वांत जुनी शाळा कोणत्या साली, कोणी आणि कोणासाठी काढली, हे शोधा. तिच्या जुन्या पटावर कोणाची नावे आहेत, आणि कोणाची नाहीत, हेही पाहा. सापडेल ते या धाग्याखाली अवश्य लिहा.