क्रिसचे म्यान आणि संग्राहकाची नोंद

वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात मांडलेली जावी क्रिस पाहणाऱ्यास एकच वस्तू वाटते. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तिला निदान दोन वस्तू मानले पाहिजे. कारण पुष्कळदा तिचे पाते एका शतकातील आणि मूठ व म्यान दुसऱ्या शतकातील असतात. पाते वारशाने पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. लाकूड झिजते, तडकते, किंवा धारकाचा दर्जा बदलला म्हणजे नवे घडविले जाते. पाते हे घडणीच्या काळाचा पुरावा होय, तर म्यान हे वापराच्या काळाचा. क्रिसच्या संग्रहाचा इतिहास पाहू जाता, यांतील दुसऱ्या पुराव्याची जी हेळसांड झाली, तिचे मूळ बव्हंशी नोंदीच्या भाषेत आढळते.

जावी भाषेने या शस्त्राला एकच नाव दिलेले नाही. सामान्य बोलण्यात ते ‘केरिस’, आदराच्या भाषेत ‘दुवुंग’, आणि श्रेष्ठ व्यक्तीच्या कमरेचे असेल तर ‘वंगकिंगन’. जुन्या वाङ्मयात ‘चुरिग’ हा शब्द येतो. तो संस्कृत ‘छुरिका’पासून आलेला असून मराठीतील ‘सुरी’चा सगोत्र आहे. एकच संस्कृत शब्द महाराष्ट्रात स्वयंपाकघरात स्थिरावला, तर जावात पूज्य कुलशस्त्राचे नाव झाला. कारागिरांतही असाच नामभेद आहे. पाते घडविणारा तो ‘एम्पु’, म्यान घडविणारा तो ‘म्रंगी’. दोघांच्या विद्या निराळ्या आणि परिभाषाही निराळ्या.

म्रंगीच्या परिभाषेत लाकडाला मोठे स्थान आहे. साग, चंदन व कुंती यांच्या जोडीस ‘तिमोहो’ नावाच्या झाडाचे लाकूड विशेष मानाचे समजले जाते. त्याच्या फिकट अंगावर कधीकधी गडद डाग उमटतात. त्यांस ‘पेलेट’ म्हणतात. प्रत्येक झाडात ते सापडत नाहीत, म्हणूनच त्यांचे मोल. लाकडाला वेढणारा पट्टा असेल तर ‘केंदित’ म्हणजे कमरपट्टा, सुटे ठिपके असतील तर ‘चेप्लोक’, शिंतोडे उडाल्यासारखे दिसत असेल तर ‘सेंबुर’, अशी पेलेटची पोटनावे आहेत; आणि अमुक पेलेट धारकास लाभदायक, अशा समजुतीही त्यांना जोडलेल्या आहेत. सागाच्या गाठीच्या लाकडाची गोष्ट वेगळी. खोडावर किंवा मुळाशी आलेल्या गाठीत तंतू सरळ न वाढता एकमेकांत गुंततात आणि कापलेल्या पृष्ठावर भोवरे दिसतात. यास ‘गेंबोल’ म्हणतात. त्याचे तंतू कोणत्याही एका दिशेने धावत नसल्यामुळे हत्याराखाली त्याचे टवके उडतात, आणि ते संथपणे घासूनच आकारास आणावे लागते. पेलेट हा रंगाचा गुण आहे, गेंबोल हा वाढीचा. संग्राहकांच्या याद्यांत या दोहोंस ‘गाठीचे लाकूड’ असे एकच नाव देण्याचा प्रघात पडला, त्यामुळे म्रंगीने जपलेला भेद पुसला गेला.

म्यानाच्या आकारातही इतिहास आहे. १७५५ च्या गियांती तहाने मातारामचे राज्य दुभंगले. सुराकार्ता व योग्यकार्ता अशी दोन दरबारे उभी राहिली आणि प्रत्येकाने आपली वेशभूषा कटाक्षाने वेगळी राखली. म्यानाचा नावेसारखा पसरट माथा समारंभासाठी लांब टोकांचा असतो. त्याला सुराकार्तात ‘लाद्रंग’ व योग्यकार्तात ‘ब्रंगाह’ म्हणतात. नित्याच्या वापराचा आटोपशीर आकार तो ‘गयामन’. म्यानाच्या दांड्यावर धातूचे आवरण चढवितात, त्यास ‘पेंडोक’ म्हणतात. त्याचा एक प्रकार पुढच्या बाजूने चिरलेला असतो, तो केवळ आतील लाकडाची नक्षी दिसावी म्हणून. अशा रीतीने धारक कोणत्या दरबाराचा, कोणत्या प्रसंगी निघालेला आणि कितपत ऐपतीचा, हे पाते बाहेर न काढताच कळे.

सतराव्या शतकापासून क्रिस युरोपीय राजांच्या नवलसंग्रहांत जाऊ लागल्या. तेथे वस्तू पोहोचली, तिची परिभाषा पोहोचली नाही. याची किंमत काय, हे दिपोनेगोरोच्या क्रिसने दाखविले. १८२५ ते १८३० या काळातील जावा युद्धाचा हा नायक. त्याची क्रिस १८३१ मध्ये राजा पहिला विल्यम यास अर्पण करण्यात आली आणि हेगच्या राजकीय संग्रहात राहिली. तो संग्रह १८८३ मध्ये मोडला, क्रिस लायडनला गेली, आणि वस्तू व नोंद यांची ताटातूट झाली. पुढे शतकाहून अधिक काळ ती ओळखीवाचून पडून होती. अखेर तिची ओळख पटली ती कागदांच्या आधारे. सेंतोत या दिपोनेगोरोच्या सेनानीची साक्ष आणि चित्रकार रादेन सालेह याचे टिपण यांचा त्यांत मोठा वाटा होता. मार्च २०२० मध्ये ती इंडोनेशियाला परत करण्यात आली. त्यानंतरही टिपणातील नाव व पात्याची ठेवण यांचा मेळ बसतो की नाही, यावर वाद झालाच.

खासगी संग्रहाची हानी याहून सूक्ष्म असते. उत्तम पेलेटचे म्यान एका पात्यावरून काढून दुसऱ्या, अधिक मोलाच्या पात्यास जोडले, तर दोन्ही वस्तू शाबूत राहतात आणि तरीही एक इतिहास नाहीसा होतो. म्यान नवे करणे जावी परंपरेस मान्यच आहे, असा आक्षेप यावर घेता येईल. तो खराही आहे; पण परंपरेतील बदल धारकाच्या आयुष्यातून येतो, बाजारातील बदल केवळ किमतीतून. पहिला बदल हीच इतिहासाची एक नोंद असते, तर दुसरा आधीची नोंद खोडून टाकतो. म्हणून पाते, मूठ, म्यान व पेंडोक यांची स्वतंत्र नोंद, प्रत्येकाचे जावी नाव, लाकडाची जात, आणि हे भाग एकत्र कसे आले याची हकीगत, एवढे तरी संग्राहकाने लिहून ठेवणे अगत्याचे ठरते.

भक्त व ईश्वर यांचे ऐक्य सांगताना जावी लोक म्हणतात की, चुरिग म्यानात शिरते तसे म्यानही चुरिगेत शिरते. या वचनाचा आशय आध्यात्मिक असला, तरी ज्या समाजाने हा दृष्टान्त निवडला त्याने म्यानाला केवळ वेष्टन मानले नव्हते, हे त्यावरून स्पष्ट होते.