थ्रेड : वऱ्हाडात चोरीचे कारण कोठे शोधले गेले?

इ.स. 1867. जर्मनीतील बव्हेरिया राज्यात गेओर्ग फोन मायर या संख्याशास्त्रज्ञाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने 1835 ते 1861 या काळातील चोऱ्यांचे आकडे राय या धान्याच्या भावाशेजारी मांडले. राय महागली की चोऱ्या वाढत. स्वस्त झाली की घटत. म्हणजे चोराइतकाच धान्याचा बाजारही तपासण्याजोगा होता.

त्याच वर्षी भुसावळकडून अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा येणारा लोहमार्ग नागपुरास पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल आले होते. गायराने आणि ज्वारीची शेते कापसाखाली जात होती. मेळघाटच्या जंगलावर 1866 मध्ये सरकारी राखीव हक्क आला. बैलांच्या तांड्यांवर मीठ व धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे काम रेल्वेने हिरावले आणि फासे लावून हरीण, तितर धरणाऱ्या पारध्यांचे रान आक्रसले.

गुन्ह्यांचा अभ्यास वऱ्हाडातही झाला, पण तो पोलिसांनी केला. या प्रदेशातील पोलीस अधिकारी मेजर गन्थॉर्प यांचे मुंबई इलाखा, वऱ्हाड व मध्य प्रांतातील ‘गुन्हेगार जमाती’विषयीचे पुस्तक 1882 मध्ये छापले गेले. त्याची मांडणी जमातवार आहे. धान्याचा भाव किंवा गेलेले रान हे त्या मांडणीचे सूत्र नव्हते.

टाकणकरांचे उदाहरण बोलके आहे. पारध्यांची ही शाखा अकोला-बुलढाण्याकडे गावोगाव हिंडून गुळगुळीत झालेल्या जात्यांच्या दगडांना टाकी मारून देई. घरोघरी जाते होते, तोवर ही कष्टाची आणि गरजेची सेवा होती. अशा फिरत्या कारागिरीकडे पोलिसी साहित्य मात्र घरे हेरण्याचे निमित्त म्हणून पाही. धंदा नोंदवला जाई, तोही संशयाचा पुरावा म्हणून!

या दृष्टीमागे कायद्याचे पाठबळ होते. 1871 चे गुन्हेगार जमाती विधेयक मांडताना युक्तिवाद झाला तो असा : या देशात सुताराचे वंशज सुतारच होतात, तसेच गुन्हेगारांचे वंशज गुन्हेगारच होणार. जातिव्यवस्थेचे हे वाचन ढोबळ होते. राज्यकर्त्यांना सोयीचे मात्र होते. गुन्हा रक्तातच असेल, तर भूमिनीती आणि करनीती तपासण्याचे कारणच उरत नाही.

कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यात असले तरी नावाने निजामाचेच होते. त्यामुळे तेथे कायदे आपोआप लागू होत नसत. 1911 च्या सुधारित कायद्याने ही व्यवस्था देशभर नेण्याची वाट मोकळी केली : नोंदणी, हजेरी, ठरलेल्या हद्दीबाहेर जाण्यास परवाना. पोट भरण्यासाठी ज्यांना फिरावेच लागे, त्यांचे फिरणेच दंडनीय ठरले. प्रतिबंधाच्या नावाने रोजगारच बंद करणारा याहून विपरीत उपाय क्वचितच सापडेल.

1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळले. कापसाच्या विस्ताराने अन्नधान्य व चराई आक्रसली आणि हा सुपीक मुलूख दुष्काळापुढे दुबळा झाला, अशी मांडणी लक्ष्मण सत्या यांनी 1997 च्या आपल्या ग्रंथात केली आहे. मायरने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी विचारलेला प्रश्न वऱ्हाडाला लावून पाहायचा, तर आरंभ येथूनच करावा लागेल.

31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला. सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांनी मात्र ठाण्यातील संशयाला दुसरा आधार दिला. पिठाच्या गिरण्यांनी जाते अडगळीत टाकले होते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारही गुन्हा ठरवली. जंगलासाठी तो कायदा आवश्यक होता. पण पारध्यांना पर्यायी उपजीविका देण्याची तरतूद त्यात नव्हती.

अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे याच समाजातील शिक्षक मतीन भोसले यांनी सरकारी नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी निवासी शाळा उभारली. स्थानकांवर भीक मागणारी मुले तेथे पाटीवर अक्षरे गिरवू लागली. शाळेचे नाव ‘प्रश्नचिन्ह’. 2019 मध्ये समृद्धी महामार्गाच्या कामात तिच्या काही वर्गखोल्या आणि ग्रंथालय पाडले गेले.